खड्ड्यावरची माती

रविवारी सकाळी सातला ओतिलिया माहेरी आली ती रिकाम्या हातानं. एरवी यायची तेव्हा चीज, अंडी, निदान परसातल्या निवडुंगाची चार कोवळी पानं तरी असायचीच. आज हातात नुसता फोन. चुलीपुढं मक्याच्या तोर्तिया थापत बसलेल्या निकोलासानं नणंदेच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि ओळखलं, आज काही ही गप्प बसणार नाही.

"किती उरलेत?" तिनं आवाज खाली आणून विचारलं.

"एकच, वहिनी. आजचा लावला की संपलं."

एकच निरोप उरला होता, फिदेन्स्योचा. सतरा वर्षांपूर्वी तो सरहद्द ओलांडून उत्तरेला गेला आणि कागदपत्रं नाहीत म्हणून एकदाही परत येऊ शकला नाही. पण दर रविवारी सकाळी ओतिलियाच्या फोनवर आईसाठी बोलून ठेवायचा. मी बरा आहे, थंडी आहे, बीन्स केले होते पण तुझ्यासारखे झाले नाहीत, असलंच काहीबाही. बेचाळीस दिवसांपूर्वी एका घराच्या छपरावर कौलं बसवताना तो पडला आणि गेला. घरात हे चौघांना ठाऊक होतं. थोरला रुतिल्यो, त्याची बायको निकोलासा, धाकटी ओतिलिया आणि आईचा भाऊ क्रिस्पिनमामा. आईला ठाऊक नव्हतं. ईस्टरच्या आठवड्यात तिच्या काळजानं दगा दिला होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की म्हातारीला धक्का नको. झालं, रुतिल्योनं तेवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं आणि तेव्हापासून ओतिलिया दर रविवारी येऊन जुने निरोप लावत होती, ज्यात पाऊस नाही, सण नाही, तारीख कळेल असं काही नाही, असे निवडून निवडून.

"आज जेवणं झाली की सांगायचं," ओतिलिया म्हणाली. "गिऱ्हाइकं गेली की आपण बसतोच जेवायला. ती पोटभर जेवू दे आणि मग सांगू. उपाशी माणसाला असलं सांगू नये."

"तुझा दादा म्हणतो डिसेंबरात इस्पितळाची तारीख आहे, ती होऊ दे."

"म्हणेल तो! त्याला कुठं फोन धरून बसावं लागतं तिच्यापुढं? ती त्याला विचारते, जेवलास का रे? आणि मी मान डोलावते, पाठवते म्हणते तुझं बोलणं. सहा रविवार झाले, वहिनी. तिची सगळी उत्तरं माझ्या फोनमध्ये पडून आहेत. कुणाला पाठवू ती?"

निकोलासानं थापलेली तोर्तिया तव्यावर टाकली. या घरात येऊन तिला एकवीस वर्षं झाली होती आणि एकवीस वर्षं ती नवऱ्याच्या बाजूनंच बोलत आली होती. नवरा चुकतो हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण सासरी दोन दोन माणसं विरुद्ध घेऊन सैपाकघरात उभं राहणं सोपं नसतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

"आणि पुढचा रविवार कोणता आहे, आहे का लक्षात?" ओतिलिया पुढं म्हणाली. "मेलेल्यांचा दिवस. आई वेदी मांडेल. बाबांचं ताट ठेवेल, आजीचं ठेवेल. फिदेचं कोण ठेवणार? सतरा वर्षांनी पोरगा घरी येईल आणि आपलं ताट नाही बघून उंबऱ्यावरनं परत जाईल. मला ते नाही गं सहन व्हायचं."

निकोलासाच्या हातातली तोर्तिया फाटली. तिनं ती गोळा करून पुन्हा थापली.

तेवढ्यात आई, दोन्या तेओदोरा, आली. चौऱ्याहत्तर वर्षांची, बुटकी, काठी हातात असून काठीवर भार न टाकणारी. आल्या आल्या तिनं घायपाताची दारू घालून वाटलेल्या चटणीच्या दगडी खलात बोट बुडवून चाटलं.

"पुल्के कमी घातलीय. क्रिस्पिननं निम्मी वाटेतच ढोसली असणार. आलीस का गं? बोलला का माझा लांडगा, फिदे?"

"बोलला, आई."

ओतिलियानं फोन लावला. फिदेन्स्योचा आवाज चुलीपाशी घुमला. आई, मी आहे गं. काम चाललंय. तब्येत बरी आहे. तू औषध घेतेस ना? दादाला सांग, पाठ सांभाळ. बरं, ठेवतो, पुढच्या रविवारी बोलू.

"संपलं?" म्हातारी म्हणाली. "काय मेलं बोलणं हे, तारेसारखं! दे इकडं." तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे, औषधाचं काय विचारतोस, बायकोचं बोल! चाळिशी उलटली तुझी. जाडी असो, बुटकी असो, मला सगळी चालते. फक्त तोर्तिया थापता आली पाहिजे. आणि कौलावर चढताना पायात धड बूट घाल. पाठव गं हे."

"पाठवते, आई," ओतिलिया म्हणाली आणि पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. रिकामी घागर मात्र आतच राहिली.

*

अंगणात नऊ वाजताच अकरा टेबलं भरली होती. राजधानीहून दोन तास गाडी हाकत लोक यायचे ते तेओदोराच्या बार्बाकोआसाठी, खड्ड्यात शिजवलेल्या मेंढीसाठी. रस्त्यावर पाटी होती तीही एवढीच: बार्बाकोआ, रविवारी. दोन्हीकडं घायपाताच्या रांगा, मध्ये हे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला खड्डा.

रुतिल्यो खड्ड्यापाशी उभा होता.

खड्डा त्याच्या बापानं, लिब्रादोनं, स्वतः खणून दगडांनी बांधलेला. शनिवारी त्यात लाकडं जाळायची. दगड पांढरेफेक झाले की तळाशी रश्श्याचं पातेलं, वर जाळी, भाजलेली घायपाताची पानं, त्यात मेंढीचं मांस, वरून पुन्हा पानं, पत्रा, चटई आणि माती. रविवारी उघडायचं. हे सगळं कुणीही करतं. पण लिब्रादोचा एक नियम होता आणि तो या घरात चर्चच्या नियमाहून कडक पाळला जायचा. रागात असलेल्या माणसानं पहिलं फावडं टाकायचं नाही. आणि ज्याच्या घरचं माणूस गेल्याला वर्ष झालं नाही त्यानं तर मुळीच टाकायचं नाही. त्याच्या हातची माती मांस शिजू देत नाही, कच्चं ठेवते. लिब्रादो स्वतः गेला तेव्हा तेओदोरानं वर्षभर पहिलं फावडं शेजारच्या माणसाकडून टाकून घेतलं होतं.

फिदेन्स्यो गेल्यापासून रुतिल्योनंही तसंच केलं होतं, फक्त चोरून. गडी होता चोन, त्याला म्हणायचं, पाठ धरलीय रे, पहिलं तू टाक. चोननं पाच शनिवार टाकलं. काल चोन बहिणीच्या लग्नाला गेला. दुसऱ्या कुणाला बोलवावं तर आई विचारणार, का? तुझे हात मोडले का? शेवटी त्यानं मनाशी म्हटलं, चाळीस दिवस उलटले, आता कसलं काय, आणि फावडं उचललं. उचलताना त्याला भाऊ दिसला. लहानपणी याच खड्ड्यात उतरून राख काढणारा, नाकापर्यंत काळा झालेला. रुतिल्योनं डोळे मिटून माती लोटली आणि उरलेली भराभर ओढून घेतली.

"काढा की आता!" क्रिस्पिनमामा टेबलांमधून वाट काढत आला. "तो मास्तर हासिन्तो टेबलावर चमचा आपटतोय. म्हणतोय, मेंढी शिजतेय की शाळेत जातेय?"

"मामा, ओतिलिया काय म्हणाली तुम्हाला?"

"आज सांगायचं म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे."

"आणि मी काल तुम्हाला डिसेंबर म्हणालो तेव्हा?"

"तेव्हाही म्हटलं, बरोबर आहे. मी म्हातारा माणूस, मला दोन्ही घरी जेवायचं असतं."

रुतिल्योनं माती बाजूला केली, चटई ओढली, दोघांनी मिळून पत्रा उचलला. तोंडावर वाफेचा लोट यायला हवा होता. आला नाही. वरची पानं अजून हिरवीच होती. त्यानं पान उलटून मांसात बोट खुपसलं. बोट आत गेलं नाही. मांडी लालभडक, कालच्यासारखी. खालच्या पातेल्यातल्या पाण्यावर चरबीचा एक थेंब नव्हता.

भिंतीच्या बाजूला काठाची माती वीतभर खचली होती. सगळी धग तिथून निघून गेली होती, वाकून पाहिलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. पण या घरात मांस कच्चं निघालं की कुणी भोक शोधत नाही, माणूस शोधतात.

"झाका," रुतिल्यो म्हणाला. "मामा, झाका पटकन."

"कुणापासून झाकतोस?" मागून आईचा आवाज आला.

*

तेओदोरानं काठी ओतिलियाकडं दिली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि मांसाला हात लावला. चाळीस वर्षांत असं एकदाच झालं होतं, नवऱ्याची धाकट्या दिराशी बांधावरून मारामारी झाली होती तेव्हा. तिला राग आला नाही. तिला फक्त कळेना.

"पहिली माती कुणी टाकली?"

"मी," रुतिल्यो म्हणाला.

"भांडून आला होतास?"

"नाही, आई."

"निकोलासा, खरं सांग. घुसमट असेल तर सांगून टाक, मी तुझ्याच बाजूनं बोलेन."

"नाही हो आई, भांडण नाही काही."

"ताई, मी प्यायलो होतो," क्रिस्पिन मध्येच म्हणाला. "पण पिणाऱ्यावर माती रागवत नाही. रागवली असती तर या गावात एक मेंढी शिजली नसती."

नेहमी ती अशावर हसायची आणि भावाच्या पाठीत धपाटा घालायची. आज हसली नाही. ती रुतिल्योकडं बघत होती. बघता बघता तिला एकेक शनिवार आठवायला लागला.

"तुझी पाठ दुखत होती," ती सावकाश म्हणाली. "पाच शनिवार. पाठ दुखते म्हणून पहिलं फावडं चोनच्या हातात द्यायचास. एकच. मग बाकीची पन्नास फावडी तूच टाकायचास. मी खिडकीतनं बघायची. म्हटलं, ही कसली रे पाठदुखी, पहिल्या फावड्यालाच दुखते आणि दुसऱ्याला बरी होते?"

अंगणातून चमच्यांचा आवाज येत होता.

"कोण मेलंय आपल्यात?"

"आई, तू आधी बस बघू. खुर्ची आण गं."

"बसत नाही. सांग. तू आहेस माझ्यापुढं. ओतिलिया आहे. क्रिस्पिन आहे, तो मेला असता तर मला कळलं असतं, घरात शांतता झाली असती. कोण मग?"

रुतिल्यो आईशी कधी खोटं बोलला नव्हता असं नाही, पण ते नेहमी आधी ठरवून. ऐनवेळचं खोटं त्याला जमायचं नाही.

"निकोलासाची मावशी गेली, आई," तो म्हणाला. "ती पाचुकाची. तुला त्रास नको म्हणून नाही सांगितलं. हो की नाही गं?"

सगळ्यांनी निकोलासाकडं पाहिलं. निकोलासा हाताला पीठ लागलेलं तशीच बाहेर आली होती. नवऱ्याचे डोळे तिला विनवत होते. एक 'हो' म्हटलं की झालं असतं. डिसेंबरपर्यंत निभावलं असतं. एकवीस वर्षांत तिनं याहून मोठ्या गोष्टींना हो म्हटलं होतं. तिला तिचा स्वतःचा पोरगा दिसला, अठराचा, परवाच तोही उत्तरेला जायची भाषा बोलायला लागलेला. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर हीच माणसं माझ्यापासूनही लपवतील आणि वर म्हणतील, तुझ्या भल्यासाठी.

"माझी मावशी ठणठणीत आहे," ती म्हणाली. "परवाच बोलले तिच्याशी."

"निकोलासा!"

"ओरडू नका माझ्यावर. मी नाही बोलायची खोटं. बस झालं आता."

तेओदोराला मग मोजायला कुणीच उरलं नाही. तरी तिनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, कुणी राहिलंय का बघत.

"पण तो तर सकाळीच बोलला," ती म्हणाली. तिनं धाकटीच्या दंडाला धरलं. "बोलला ना गं? चुलीपाशी? औषध घेतेस का म्हणाला ना?"

"जुना होता तो निरोप, आई." ओतिलिया रडायला लागली. "जूनमधला. सगळे जुनेच होते."

"माझा फिदे?"

"हो, आई."

रुतिल्यो खुर्ची घेऊन धावला, मामानं पाणी आणलं, निकोलासानं औषधाची गोळी. काळजाचं काय होईल या भीतीनं चौघं तिच्याभोवती उभे राहिले. काळजाला काही झालं नाही. ते धडधडत राहिलं, चांगलं ठणठणीत, आणि तिला त्याचाच राग आला.

"कसा?" तिनं विचारलं.

"छपरावरनं पडला. लगेच गेला म्हणतात. त्रास नाही झाला," रुतिल्यो म्हणाला.

"कुठाय तो?"

"माझ्याकडं," ओतिलिया म्हणाली. "राख आणली गावच्या एका माणसानं, पेटीतून. माझ्या कपाटात आहे, वरच्या फळीवर. रोज मेणबत्ती लावते मी, आई."

"जाळला?"

"तसाच आणायला फार महिने लागले असते."

"आणि नऊ दिवसांची प्रार्थना? क्रूस?"

आता कुणी वर बघेना. घरात माणूस गेलं की जमिनीवर चुन्याचा क्रूस मांडतात, नऊ संध्याकाळी त्याभोवती जपमाळ म्हणतात आणि नवव्या दिवशी तो चुना गोळा करून उचलतात. क्रूस उचलला की जीव घर सोडतो. तोवर तो तिथंच असतो, आपल्या माणसांमध्ये.

"केलं सगळं," रुतिल्यो म्हणाला. "ओतिलियाच्या घरी."

"म्हणजे तिच्या छपराचं काम आहे म्हणून रोज संध्याकाळी जायचास ते."

"हो."

"दार लावून म्हटलीत जपमाळ?"

"हो, आई."

"क्रूस उचललात?"

"उचलला."

"म्हणजे नऊ दिवस माझा पोरगा इथं होता, दोन कोसांवर. आणि मी इथं बसून चटणीत पुल्के कमी आहे म्हणत होते." तिचा आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून येत होते. "सतरा वर्षं मी त्याला ये म्हटलं. आला तेव्हा मी नव्हते. आणि जा म्हणायचं होतं, तेही मला म्हणू दिलं नाहीत. रुतिल्यो, मी तुझं काय केलं होतं रे?"

"तुझ्या काळजाला भ्यालो, आई. तूपण गेलीस तर..."

"तर गेले असते! आईनं पोरासाठी मरायचं नाही तर कशासाठी मरायचं?"

रुतिल्यो पन्नाशीला आलेला माणूस, खड्ड्याच्या काठावर बसला आणि मातीनं भरलेले हात तोंडावर घेऊन रडला. बेचाळीस दिवसांत तो पहिल्यांदाच रडत होता. निकोलासा त्याच्याजवळ गेली नाही. जावंसं वाटलं तिला, पण ती सासूजवळच उभी राहिली.

*

मास्तर हासिन्तोला आधी वाटलं, म्हातारी नेहमीसारखी माफी मागत येतेय, पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो म्हणालाही, "दोन्या तेओदोरा, आता आम्ही टेबलंच खायला घेतो!"

तेओदोरा अंगणाच्या मध्ये उभी राहिली. चाळीसेक माणसं होती. ओळखीची, अनोळखी, शहरातली, लेकुरवाळी.

"मांस शिजलं नाही," ती म्हणाली. "आज मिळायचं नाही. माझा मधला मुलगा फिदेन्स्यो वारला. गेल्याला बेचाळीस दिवस झाले, पण मला आज कळलं. माझ्यासाठी तो आज गेला."

टोप्या खाली आल्या. मास्तरनं चमचा ठेवला आणि उभा राहिला. त्यानं फिदेन्स्योला तीन वर्षं शिकवलं होतं, आणि आपण आत्ताच काय थट्टा केली ते आठवून त्याला कुठं तोंड लपवू असं झालं. शहरातली एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली की चला, निघूया, या लोकांना आपली अडचण नको.

"कुणी जाऊ नका," तेओदोरा म्हणाली. "दुखवट्याच्या घरून उपाशी जायची पद्धत नाही आमच्यात. बीन्स आहेत, तोर्तिया आहेत, चटणी आहे. बसा. निकोलासा, वाढ."

निकोलासानं वाढलं. ओतिलियानं वाढलं. मास्तर हासिन्तो स्वतः उठून टोपल्या फिरवायला लागला. शहरातल्या बाईनं पोरीच्या हातात तोर्तिया दिली आणि तिला गप्प बसायला सांगितलं. दोन तास गाडी हाकत मेंढी खायला आलेली माणसं खाली मान घालून बीन्स खात होती आणि एकानंही तोंड वाकडं केलं नाही.

"चुना आण," तेओदोरा सुनेला म्हणाली. "मका भिजवायचा असतो तो."

"ताई," क्रिस्पिन घुटमळत म्हणाला, "क्रूस एकदा उचलला की पुन्हा मांडत नाहीत. पाद्री काय म्हणतील?"

"तुमचा उचललात तुम्ही. माझा अजून मांडायचाय. मी तुमच्या क्रूसाला हात लावला नाही, तुम्ही माझ्याला लावू नका."

तिनं खाली बसून टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत चुना सोडला. एक बाजू वाकडी आली. ती तिनं तशीच ठेवली. कुणीतरी गाडीतून मेणबत्त्या आणल्या. मास्तरनं जपमाळ म्हणायला सुरुवात केली, लोक घास खाली ठेवून मागून म्हणू लागले.

पहिली माळ झाली तेव्हा ऊन टेबलांवर आलं होतं. लोक एकेक करून तिच्या खांद्याला हात लावून जात होते. रुतिल्यो हात धुऊन येऊन तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. तिनं त्याला हाकललं नाही, पण त्याच्याकडं बघितलंही नाही.

"वार कोणता होता?" तिनं विचारलं.

"कशाचा, आई?"

"तुम्हाला कळलं त्याचा."

"रविवार. चौदा सप्टेंबर."

"मी काय करत होते?"

रुतिल्योनं क्रूसापाशी विझलेली एक मेणबत्ती पुन्हा पेटवली.

"मला जाणून घ्यायचंय. माझा मुलगा गेला त्या दिवशी मी काय करत होते? झोपले होते? भांडी घासत होते?"

"जाऊ दे ना, आई," ओतिलिया म्हणाली.

"तू सांग, निकोलासा. तू आज खरं बोलतेस."

निकोलासानं नवऱ्याकडं पाहिलं, मग सासूकडं. "इथंच बारसं होतं, आई. शेजारच्या नातवाचं. बँडवाले आले होते. तुम्ही नाचत होता."

"नाचले," तेओदोरा म्हणाली. तिला ते आठवत होतं. चांगलं लख्ख आठवत होतं. दुखणं झाल्यावर पहिल्यांदाच नाचली होती ती, क्रिस्पिनचा हात धरून, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. "एक गाणं झालं आणि मी बसायला निघाले. दमले होते. तेव्हा तू बाहेरनं आलास, रुतिल्यो. बँडवाल्यांना म्हणालास, आणखी एक वाजवा, माझ्या आईसाठी. मग आणखी एक. बसूच देईनास मला."

"तेव्हाच फोन आला होता," रुतिल्यो म्हणाला. "तू बसली असतीस तर माझ्या तोंडाकडं बघितलं असतंस."

तेओदोरानं मान हलवली. मग तिनं पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"आणि मला वाटलं," ती म्हणाली, "आज पोरगा केवढा लाडात आलाय माझ्या."